अख्खा माणूस

उमेळे, वसई
१० ऑक्टोबर २००४

रिटा,

तुझं पत्र बांद्र्याच्या जत्रेच्या आठवड्यात आलं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवून मी महिना काढला. पण आज चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर फादरांनी मला दारातच गाठलं आणि विचारलं, "मटिल्डाबाई, सुनेला काय कळवलंत?" म्हणजे तू त्यांनाही लिहिलंस. तू पहिल्यापासून अशीच, दोन दारं एकदम वाजवणारी.

तुला काय हवंय ते मी सरळ लिहिते, म्हणजे आपल्या दोघींत गोंधळ नको. मी फादरांसमोर बसून सांगायचं की माझा मुलगा वॉल्टर मेला. मग बिशपांकडून तुला परवानगी मिळणार आणि कुवेतच्या हॉस्पिटलातल्या त्या मंगलोरच्या माणसाशी तुझं चर्चमध्ये लग्न लागणार. कोर्टाचं काम झालं म्हणतेस. सात वर्षं माणसाचा पत्ता नसला की कोर्टाला तो मेलेला चालतो. चालू दे. मी कोर्ट नाही.

वैतरणेच्या तोंडाशी रेतीची बार्ज उलटली तेव्हा तिच्यावर चौघं होते. तिघांची प्रेतं अर्नाळ्याच्या बाजूला सापडली. इंजिनवाला सापडला नाही, आणि इंजिनवाला माझा होता. सापडला नाही म्हणजे मेला, असं गावाने धरलं, पोलिसांनी धरलं, तिसऱ्या वर्षी तूही धरलंस आणि नर्सची नोकरी घेऊन निघून गेलीस. मी धरलं नाही. भरतीने बाहेर ओढलेला माणूस एखाद्या गुजरातच्या बोटीला सापडतो, ती बोट हद्द ओलांडते आणि सगळेच कराचीच्या तुरुंगात जातात. असं घडतं. वर्षाआड कोणी ना कोणी सुटून येतं, पेपरात नावं येतात. मी वाचते.

तर ऐक. डिसेंबरात मी गोव्याला जाते आहे. दहा वर्षांनी सायबाचं, सेंट फ्रान्सिस झेवियरचं, शरीर दर्शनाला काढणार आहेत. आपल्या पॅरिशची चाळीसएक माणसं बसने सावंतवाडीपर्यंत जाणार आणि तिथून जुन्या गोव्यापर्यंत चालत. पुढारी कोण ते तुला सांगायला नको. तुझे फर्डिनंडकाका. चौऱ्याण्णव साली तुझं लग्न होऊन आठवडा नव्हता झाला, तुम्ही दोघं तिथे जाऊन आलात. परत आल्यावर वॉल्टर ओट्यावर बसून म्हणाला होता, आय, पुढच्या वेळी तुला चालत नेतो. तू आतून चहा घेऊन येत होतीस, तुलाही ऐकू आलं असेल.

मी सायबाला शेवटचं विचारणार आहे. वॉल्टर जिवंत असेल तर नाताळच्या आत मला काहीतरी कळव, एवढंच. कळलं नाही तर परत येऊन फादरांकडे जाईन आणि तुला हवं ते बोलेन. तोवर मला पत्र लिहून घाई करू नकोस. त्या माणसालाही सांग, डिसेंबरपर्यंत थांबायला काही होत नाही.

वॉल्टरची आय

उमेळे
२ नोव्हेंबर २००४

रिटा,

आज मेलेल्यांचा दिवस. सकाळी तुझ्या सासऱ्यांची कबर धुऊन आले. शेवंती लावली, मेणबत्त्या लावल्या. शेजारची लिडिया तिच्या आईच्या कबरीपाशी होती. मेणबत्ती लावता लावता मला म्हणते, बाय, दगडावर खाली जागा आहे, वॉल्टरचं नाव तिथेच घालून घे ना. जसं काय भिंतीला खिळा रिकामा आहे, एक फोटो लाव. मी तिला म्हटलं, तुझ्या आईच्या दगडावरही जागा आहे, तुझं घालू का? तेव्हापासून बोलत नाहीये. उद्या बोलेल, तिला माझं पाट्यावरचं वाटण लागतं.

हीच लिडिया माझ्याबरोबर चालायला येणार आहे. तिची तयारी बघशील तर हसशील. दोन उशा, स्टोव्ह, बाटलीभर खोबरेल, नातवाची छत्री, आणि पायाला लावायला तीन वेगवेगळी मलमं. मी म्हटलं, तू सायबाला भेटायला चाललीस की त्याच्याकडे राहायला?

माझी बांधाबांध वेगळी. मला भरायला येतं, हे तूसुद्धा कबूल करशील. कुवेतला जाताना तुझी पेटी बंद होत नव्हती, मी सगळं उपसून पुन्हा भरली होती. तुला विमानतळावर पोचवायला आले नाही, पण पेटी मी भरली होती. मी आले नाही एवढंच तू धरून बसलीस.

सुकेळी घालायला घेतली आहेत. वाडीत राजेळीची आता मोजकीच झाडं उरली. पलीकडची वाडी गेली, तिथे चार मजली इमारत झाली आहे आणि दुपारनंतर तिची सावली आपल्या अंगणात येते. म्हणून केळी अंगणात न घालता गच्चीवर नेते. खालवर करत, कावळे हाकलत दिवस जातो. सोलून, वाळवून, वाळल्या पानात बांधून पुडे केले की दोन-तीन महिने काही होत नाही. वॉल्टरला सुकेळ्यांपुढे दुसरं काही दिसायचं नाही, तुला माहीत आहे. अर्धी वाळायच्या आतच संपवायचा.

बांद्र्याहून यंदाही मेणाचा माणूस आणला. चढावरच्या त्याच बाईकडून. दर वर्षी मी तिथल्या चर्चमध्ये माऊलीपुढे ठेवून यायची. पाय दुखला तर मेणाचा पाय, घर हवं असेल तर घर, मूल हवं असेल तर मूल. हरवलेल्यासाठी अख्खा माणूस. यंदा ठेवला नाही, घरी आणला. सायबापुढे ठेवणार. वीतभर आहे, हात अंगाला सरळ, नाकडोळे जेमतेम. तुला आठवतं का, पहिल्या वर्षी तू बरोबर आली होतीस? माणूस तुझ्या हातात होता आणि तू विचारलंस, आय, ह्याच्या डोक्यात वात कशाला? मी तुझ्यावर खेकसले होते. वात असते, पण लावायची नाही. माझ्या आयने मला तसंच शिकवलंय. जिवंत माणसासाठी अख्खा ठेवायचा. पेटवतात ते मेलेल्यासाठी.

तेव्हा तू काळं घालू का विचारायचीस. मी नको म्हणायची. रंगीत साडी नेसलीस की बायका विहिरीवर कुजबुजायच्या, ते मला ऐकू येत होतं. माझा मुलगा जिवंत असताना त्याच्या बायकोने काळं घालायचं नाही, हे मी आजही म्हणेन.

आज स्मशानात सगळ्यांच्या कबरींवर उजेड होता. मी एक मेणबत्ती जास्तीची नेली होती. परत आणली.

वॉल्टरची आय

उमेळे
२८ नोव्हेंबर २००४

रिटा,

तुझी मैत्रीण सुट्टीवर आली, ती बूट देऊन गेली. कापडी, पांढरे. आत तुझी चिठ्ठी, "आय, पाय जपा." बाकी काही नाही. निदान त्या माणसाचं नाव तरी लिहायचंस. मला अजून माहीत नाही.

बूट मी घालणार नव्हते. लुगड्याखाली बूट घातलेली म्हातारी म्हणजे रस्ताभर पोरांची करमणूक. पण एकदा घालून बघितले तर नेमके बसले. माझ्या पायाचं माप तुला अजून आठवतं, याचा मला राग आला. आता रोज संध्याकाळी ते घालून खाडीच्या बांधापर्यंत जाऊन येते. मिठागराकडची पोरं हसतात. हसू देत.

फर्डिनंडने सगळ्यांना चर्चच्या अंगणात जमवून तयारीवर भाषण दिलं. जड सामान टेम्पोत, अंगावर फक्त झोळी. झोळीत पाण्याची बाटली, टॉवेल, जपमाळ, औषध, ताटली आणि पेला. सुका बोंबील आणायचा नाही, टेम्पोला वास लागतो. मी आणणार आहे. तुझे काका रेल्वेतून निवृत्त झाले, पण त्यांच्या हातातली शिट्टी गेली नाही.

भाषण संपल्यावर माझ्यापाशी आले. मेणाचा माणूस मी नेणार हे लिडियाने त्यांच्या कानावर घातलं होतं. म्हणाले, वहिनी, तो माझ्याकडे द्या, लाकडी खोक्यात भाताचा भुसा भरून ठेवतो, टेम्पोत सावलीत राहील. डिसेंबर असला तरी दुपारचं ऊन ऊनच असतं. मी म्हटलं, नको. म्हणाले, मेण आहे ते. मी म्हटलं, मला डोळे आहेत. चालत न्यायचा तर मी नेईन, टेम्पोतून जायचं असतं तर मीही टेम्पोतूनच गेले असते.

सात वर्षांपूर्वी मी त्याला दुसऱ्यांच्या भरवशावर पाण्यात पाठवलं होतं. आता ह्याला कुणाच्या ताब्यात देणार नाही. फर्डिनंडला हे सांगितलं नाही, तुला सांगते.

तर मी माणसासाठी एक पिशवी शिवली आहे. वॉल्टरच्या निळ्या शर्टाची बाही कापून. गळ्यात अडकवायची, लुगड्याच्या पदराआड, छातीशी. बाकीची झोळीही जवळजवळ भरून झाली. जरा जड झाली आहे, होऊ दे.

सायबाला बाहेर काढलं, आठवडा झाला. पेपरात फोटो होता. त्याच पानावर खाली तुरुंगातून सुटलेल्या मच्छीमारांची बातमी होती. आपल्याकडचं नाव त्यात नव्हतं.

वॉल्टरची आय

उमेळे
५ डिसेंबर २००४

रिटा,

उद्या पहाटे बस आहे. आज दुपारी एक गोष्ट झाली, ती लिडिया तुला कुणाकडून तरी पोचवेलच, त्याआधी मी लिहिते.

फर्डिनंडने चर्चच्या अंगणात सगळ्यांच्या झोळ्या उचलून बघितल्या. ज्याची जड त्याने सर्वांसमोर उघडायची. लिडियाची उघडली, तर आत इस्त्री. सगळे हसले, मीही हसले. मग त्यांनी माझी उचलली आणि खाली ठेवली. म्हणाले, वहिनी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी म्हटलं, जड असेल, मी नेईन. पण तोवर त्यांनी दोरी सोडली होती.

पहिल्यांदा ताटल्या निघाल्या, दोन. पेले दोन. टॉवेल दोन. सुकेळ्यांचे पुडे दोन. लिडिया म्हणाली, मला एक दे, माझी ताटली राहिली. मग खालून पॅन्ट निघाली, शर्ट निघाला, दाढीचा ब्रश, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला, पुरुषाच्या, नऊ नंबरच्या.

फर्डिनंडने चपला पुन्हा गुंडाळल्या आणि हळू आवाजात विचारलं, "वयनी, हे कोनासाठी?"

"भेटला तर अनवाणी कसा येईल?" मी म्हटलं.

आता तू म्हणशील, आय वेडी झाली. झाले नाही. सायबाकडे मागायला जायचं आणि दिलं तर न्यायची तयारी नाही ठेवायची, ही कसली मागणी? झोळीत पोराचे कपडे नसतील तर आपण आपल्याच मागण्यावर विश्वास ठेवत नाही असं होतं. मी जे मागते त्याची बांधाबांध करते.

फर्डिनंडने सगळं जसंच्या तसं परत भरलं. चांगलं भरलं नाही, पण भरलं. माझी झोळी हलकी करा असं म्हणाले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर मला बोलायला हवं होतं, मला ते सोपं गेलं असतं. त्यांच्या तोंडावर होतं ते मला कळलं. ह्या बाईचं आता काही होणार नाही, तेच.

एक गोष्ट तुला आजवर सांगितली नाही. तू गेल्यावर वर्षभराने मी डहाणूच्या पुढे एका गावी जाऊन आले होते. तिथला एक मच्छीमार कराचीहून सुटून आला होता. त्याला वॉल्टरचा फोटो दाखवला, तुमच्या लग्नातला. त्याने खूप वेळ धरला. मग म्हणाला, "असंल आये. तिथं सगल्यांना दाढ्या असतात, कोन वलखू येत नाय." एवढ्यावर मी तीन वर्षं काढली. "असंल" एवढ्यावर. तो बिचारा मला हाकलायचा कसा या विचारात होता, हे त्याची बायको चहा घेऊन आली तेव्हाच तिच्याकडे बघून मला कळलं होतं.

बूट घालून जाते आहे.

मटिल्डा

म्हापसा, गोवा
१० डिसेंबर २००४

रिटा,

शाळेच्या वर्गात उतरलो आहोत, बाकावर बसून लिहिते. पाय ठीक आहेत. लिडियाला फोड आले, मला नाही. बूट चांगले आहेत.

चार दिवस चाललो. सकाळी गार असतं, जपमाळ म्हणत बरं चालणं होतं. दहानंतर डांबर तापतं. बांदा गाव सोडल्यावर झाडंच नाहीत, नुसता हायवे आणि ट्रक. पदर डोक्यावर, पदराआड पिशवी. घामाने पिशवी भिजायची, मी हात लावून बघायची. आहे. पुन्हा थोड्या वेळाने बघायची. लिडिया म्हणाली, तान्हं पोर आहे का ते, सारखं चाचपतेस?

आज इथे आल्यावर पिशवी उघडली. माणूस वाकला आहे. कमरेतून पुढे, पोटात दुखल्यासारखा. दोन्ही पाय एक झाले. एक हात पोटात गेला. तोंडावर शर्टाच्या कापडाची वीण उमटली आहे, नाक नाही.

ऊन होतंच. पण नुसत्या उन्हाने झालं नाही. मी त्याला चार दिवस अंगाशी धरून ठेवलं, त्याने झालं. टेम्पोतल्या भुशात ठेवला असता तर तो धड राहिला असता. भुशाचं ते खोकं फर्डिनंडने तरीही आणलं आहे, रिकामं. आता आणून माझ्या बाकाखाली ठेवलं.

परवा पोचू. माझ्याच्याने पुढे लिहवत नाही.

मटिल्डा

उमेळे
२९ डिसेंबर २००४

प्रिय रिटा,

हे पत्र मोठं होईल, निवांत असशील तेव्हा वाच.

रविवारी दुपारी जुन्या गोव्यात पोचलो. नदीच्या कडेकडेने रस्ता जातो, आणि मग एकदम ती सगळी चर्चेस दिसतात. तुम्ही दोघं बघून आलात तेव्हा वॉल्टर म्हणाला होता, आय, एवढी मोठी चर्चेस आणि भोवती गावच नाही. खरंच नाही. एके काळी म्हणे मोठं शहर होतं, साथीने रिकामं झालं. फर्डिनंड सगळ्यांना सांगत होते की आपल्या किल्ल्यातसुद्धा पोर्तुगीजांच्या वेळी असंच शहर होतं, एवढ्याच घंटा होत्या, इथल्यांनी जपलं म्हणून राहिलं आणि आपलं पडलं. नेहमीसारखी मान हलवायची सोडून मी म्हटलं, फर्डिनंड, जपूनसुद्धा पडतं.

रांग फार मोठी होती. उन्हातून सरकत सरकत संध्याकाळी आत गेलो. काचेमागे सायब होता. एवढासा, सुकलेला, काळवंडलेला. लोक रडत होते. मी मागायला तोंड उघडलं, आणि मला मागताच येईना. रिटा, मला राग आला. साडेचारशे वर्षं झाली, मेला तो दूर चीनच्या किनाऱ्यावर, तरी त्याचं शरीर समुद्रावरून इथवर आलं. ते आहे, दाखवता येतं, माणसं येऊन बघून जातात. माझ्याकडे दाखवायला नखसुद्धा नाही. ज्याला सगळं परत मिळालं त्याच्याकडे मी काय मागणार? मागच्या बाईने ढकललं, मी पुढे झाले. वॉल्टरचं नावसुद्धा घेतलं नाही. सात वर्षं जे बोलायचं म्हणून पाठ केलं होतं, ते तिथे बोलले नाही.

बाहेर मेणाची दुकानं ओळीने लागली होती. हात, पाय, बाळं, घरं, आणि अख्खी माणसं, उभी, चकचकीत. लिडिया मला हाताला धरून तिथे घेऊन गेली. म्हणाली, बाय, दुसरा घे. तुझा तो आता ठेवण्यासारखा नाही. दुकानातली म्हातारी कोंकणीत म्हणाली, "माये, नवो घे गो." तिने एक माझ्या हातात दिलासुद्धा. बांद्र्याच्यापेक्षा सुबक होता. हात सरळ, नाक सरळ. घेतला असता आणि सायबापुढे ठेवला असता तर माझा शब्द राहिला असता. मग नाताळपर्यंत वाट बघायची, मग पुढचा नाताळ. अजून दहा वर्षंसुद्धा गेली असती, मला सवय आहे.

तो नवा माणूस हातात गार लागत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं की वॉल्टरचं तोंड मला आठवत नाही. फोटोतलं आठवतं. ओट्यावर बसून बोलतानाचं आठवत नाही. दर वर्षी मी एक नवा माणूस आणत होते, आणि तो कुणाचाच नव्हता. मी तो परत ठेवला.

मेणबत्त्या लावायचा लोखंडी स्टँड आहे बाहेर, काजळीने काळा झालेला. तिथे गेले. पिशवी उघडली. शर्टाचं कापड मेणाला चिकटलं होतं, हळूहळू सोडवलं. सगळा वेडावाकडा झाला होता, पण वात तेवढी धड होती. तुझा तो प्रश्न आठवला. फर्डिनंडना माचिस मागितली. त्यांना ठाऊक आहे पेटवायचा म्हणजे काय, आमच्या दोघांच्या आयांनी एकच शिकवलंय. त्यांनी काडी स्वतः ओढली नाही, माचिस माझ्या हातात दिली आणि टोपी काढली.

मी लावला, रिटा.

वाकलेला होता म्हणून मेण एकाच बाजूने ओघळत होतं. संपेपर्यंत उभी राहिले. वेळ लागला, माणूस एवढासा दिसतो पण जळायला वेळ लागतो. लिडिया रडली. मला रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. भोवती लोक येत होते, आपापल्या मेणबत्त्या लावून जात होते. शेवटी स्टँडवर नुसता डाग राहिला, त्याच्यावर दुसऱ्या कुणीतरी आपली मेणबत्ती चिकटवली.

चपला आणि कपडे तिथल्या एका भिकाऱ्याला दिले. चपला त्याला मोठ्या झाल्या.

परत आल्यावर नाताळ झाला. मी सायबाकडे काही मागितलं नव्हतं, तरी नाताळच्या रात्रीच्या मिस्सापर्यंत दार लावताना कडी जरा उशिराच घालत होते. कुणी आलं नाही. मग नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो समुद्र आला. तूही बघितलं असशील टीव्हीवर. मद्रासकडे, लंकेत, माणसं हातात फोटो धरून फिरत होती, भिंतींवर नावं चिकटवत होती. एक बाई माझ्याच वयाची होती, बोट फिरवत यादी वाचत होती. मी टीव्हीसमोर उभी राहून तिला मोठ्याने सांगितलं, बाय, घरी जा. लिडिया धावत आली, तिला वाटलं मला काही झालं.

त्यानंतर मी थांबले नाही. परवा, सोमवारी, फादरांकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, सावकाश सांगा. मी म्हटलं, "माझा मुलगा वॉल्टर मेला." त्यांनी विचारलं, तुम्हाला कशावरून वाटतं? मी म्हटलं, फादर, मला वाटत नाही. मी सांगते आहे. त्यांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी सही केली. बाहेर आले तर अंगणात पोरं गोठ्यातला बाळ येशू कोणी हलवला म्हणून भांडत होती. फर्डिनंड म्हणाले होते, एकदा बोललात की हलकं वाटेल. वाटलं नाही. जे होतं ते तसंच आहे, फक्त आता वाट बघायचीही सोय राहिली नाही. सकाळी उठल्यावर काय करायचं ते मला समजत नाही. पेपर बंद केला आहे.

दगडावर नाव घालायला दिलं. लिडिया म्हणते तेवढी जागा खाली नाही, अक्षरं बारीक करावी लागतील.

तुला काळं घालायचं असेल तर आता एक दिवस घाल. मग काढ आणि लग्नात लाल नेस. मी येणार नाही, एवढ्या लांब मला झेपणारही नाही. पण त्या माणसाचं नाव कळव, रोज संध्याकाळी जपमाळेत घ्यायचं आहे. वॉल्टरचं नाव आता मेलेल्यांच्या प्रार्थनेत जाईल, त्याची जागा मोकळी झाली आहे.

तुझी मैत्रीण चार तारखेला परत निघणार आहे, तिच्याजवळ सुकेळ्यांचे दोन पुडे देते. एक घरातला आहे. दुसरा माझ्या झोळीत वॉल्टरच्या वाटणीचा होता, गोव्याला जाऊन तसाच परत आला, दोरीसुद्धा सोडलेली नाही. तो तुम्ही दोघांनी खा. तिकडे ऊन फार असतं म्हणतात. उन्हात ठेवू नकोस.

तुझी आय